दरबारचा परवाना

कोल्हापूर स्टेशनच्या दारात मी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि किल्ली अण्णांच्या हातात दिली. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी किल्ली कोटाच्या खिशात टाकली आणि हमालाला हाक मारली. आई मागच्या सीटवर फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, ती उतरेचना. शेवटी मी दार उघडून तिला हात दिला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "यांना आता कोण नेणार गं व्हिजिटला?" मी म्हटलं, "ड्रायव्हर ठेवणार आहेत अण्णा." अण्णांनी ते ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. ड्रायव्हर ठेवला जाणार नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

मी एकटीच मुंबईला आणि तिथून बोटीने इंग्लंडला निघाले होते. माझे यजमान डॉक्टर. पुढच्या शिक्षणासाठी ते वर्षभर आधीच तिकडे गेले होते. गाडी सुटायला अवकाश होता, पण ऊन चढायच्या आत तुम्ही घरी जा, असा मीच आग्रह धरला. खरं कारण निराळं होतं. रस्त्यावर टांग्यांची आणि बैलगाड्यांची गर्दी व्हायच्या आत अण्णा घरी पोचावेत असं मला वाटत होतं. ते दोघं गेले. मी फलाटाच्या टोकाला जाऊन पाहत राहिले. आमची काळी ऑस्टिन रस्त्याच्या अगदी मधून, बैलगाडीच्या चालीने चालली होती. शेजारी आई, डोक्यावरून पदर घेतलेली. वळणावर गाडी दिसेनाशी झाली तरी माझा जीव टांगलेलाच होता. निरोपाच्या वेळी लोक रडतात. मी रडलेसुद्धा नाही, इतकी मला धास्ती वाटत होती.

कोल्हापुरात मागे राहिलेल्या माझ्या माणसांसाठी, आणि माझ्यासारख्याच बोटीत बसून इकडे आलेल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. घरच्यांना यातलं अर्धंच ठाऊक आहे. इकडच्यांना काहीच नाही.

अण्णांचा दवाखाना मंगळवार पेठेत होता. सकाळी दवाखाना आणि दुपारनंतर व्हिजिटा, कधी शहरात, कधी कळंब्याला, कधी पार गारगोटीच्या रस्त्याला लागून आतल्या खेड्यात. मी कॉलेजात असताना एकदा त्यांच्याबरोबर गाडीत होते. डावीकडच्या पाणंदीतून उसाची बैलगाडी अर्धी रस्त्यावर आली होती, तरी अण्णा वेग कमी करेनात. मी ओरडले आणि हातब्रेक ओढला. बैलांच्या शिंगांपासून हातभर अंतरावर आमची गाडी थांबली. गाडीवान शिव्या घालत निघून गेला. अण्णांनी गाडी एका झाडाखाली नेऊन उभी केली आणि इंजिन बंद केलं.

मग त्यांनी मला सांगितलं. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू होता. मिरजेला जाऊन तपासून आले होते. समोरचं सगळं लख्ख दिसायचं, पुस्तक वाचता यायचं, इंजेक्शनची सुई शिरेत बरोबर जायची. पण दोन्ही बाजू, विशेषतः डावी, हळूहळू अंधारत चालली होती, आणि गेलेली नजर परत येणार नव्हती. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कुणाच्या दुखण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, "कुसुम, हे घरात कुणाला सांगायचं नाही. गावाला कळलं तर आंधळ्या डॉक्टरकडे कोण येईल? उद्यापासून तू गाडी शिकायचीस."

मी शिकले. हॅन्डल मारून इंजिन चालू करायला शिकले, चढावर क्लच धरायला शिकले. "मुलीला हौस आहे," असं अण्णा सगळ्यांना सांगत. पेठेत काही दिवस दुसरा विषय नव्हता. बायका दारात येऊन बघत आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "डाक्टरांची पोरगी गाडी हाणती की." आईला ते आवडत नव्हतं. लग्न कसं जमायचं, एवढाच तिचा घोर होता.

तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं, म्हणून माझा परवाना दरबारचा. तपकिरी कापडी पुठ्ठ्याची लहानशी पुस्तिका, आत माझा फोटो आणि दरबारची मोहोर. परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर अण्णांचे पेशंट होते. माझ्या शेजारी बसून ते रंकाळ्यापर्यंत आले, वाटेत त्यांनी आपल्या पित्ताची तक्रार सांगितली, आणि परत आल्यावर सही केली. डोळे तपासायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पुढे संस्थान विलीन झालं. जुने परवाने देऊन मुंबई सरकारचे नवे घ्या, असं सांगण्यात आलं. मी आज जाते, उद्या जाते करत राहिले. डॉक्टरांची गाडी सगळ्या गावाला माहीत होती, मला अडवणार कोण?

पाच-सहा वर्षं मी अण्णांना फिरवलं. त्यांच्या डावीकडचं जग मी त्यांना सांगत असे, "सायकलवाला येतोय, म्हशी आहेत, उंबऱ्याला पायरी आहे." मग लग्न झालं. यजमान परदेशी गेल्यावर वर्षभर मी माहेरीच होते. त्या वर्षात आईला सांगायच्या शंभर संधी होत्या. प्रत्येक वेळी मला वाटे, अण्णांनी विश्वासानं सांगितलेलं मी कसं फोडू? आणि आता कबूल करते, आणखी एक विचार मनात येई. हे बाहेर पडलं तर वडिलांना असं सोडून जाऊ नको असं सगळे म्हणतील, आणि मला तर जायचं होतं.

इंग्लंडच्या उत्तरेला कोळशाच्या खाणींचं एक गाव आहे, तिथे आम्ही राहिलो. ह्यांची मोठी परीक्षा पहिल्या खेपेला गेली, म्हणून ह्यांनी एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम धरलं. राहायला दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या. घरांचा दगड काळा, धुतलेले कपडे दुपारपर्यंत काळे, आणि आकाश कोल्हापूरच्या आषाढासारखं, पण वर्षभर. नोकरीची एक अट होती. खाणकामगारांची घरं टेकड्यांवर विखुरलेली, तेव्हा असिस्टंटने दवाखान्याच्या मोटारीने व्हिजिटा करायच्या. ह्यांनी जन्मात चाक हातात धरलं नव्हतं. ह्यांनी म्हाताऱ्या डॉक्टरांना सांगितलं, की मी शिकेपर्यंत माझी बायको गाडी चालवील, तिच्याकडे परवाना आहे. ते आधी हसले, मग म्हणाले, ठीक आहे, महिनाभरात जमवा.

मी काउंटीच्या कचेरीत गेले. खिडकीमागचा कारकून सभ्य माणूस होता. परदेशच्या परवान्यावर काही महिने तात्पुरती परवानगी मिळते, आणि इथेच राहायचं असेल तर पुढे इथली परीक्षा द्यावी लागते, असं त्याने समजावून सांगितलं. मग माझी पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. त्याच्याजवळ देशांची एक यादी होती. तीत हिंदुस्थान होता, पण माझ्या पुस्तिकेवर तर कोल्हापूर सरकार असं लिहिलेलं. हा कुठला देश, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हिंदुस्थानातलंच एक संस्थान, राजाचं राज्य, आता विलीन झालं. तो यादी बाजूला ठेवून म्हणाला, "म्हणजे ज्यांनी हा परवाना दिला ते सरकार आता नाही."

तो खोचक बोलला नव्हता. तरी मला रस्त्यात चपलेचा अंगठा तुटावा तसं झालं. तिथे जे सरकार असेल त्याच्याकडून, हा परवाना खरा आहे आणि परीक्षा घेऊन दिलेला आहे, असं पत्र आणा, असं त्याने सांगितलं. तोपर्यंत मला शिकाऊ म्हणून चालवता आलं असतं, पण शेजारी परवाना असलेलं माणूस हवं होतं, आणि म्हातारे डॉक्टर सोडले तर आमच्या ओळखीचं असं तिथे कोण होतं? हे रोज पायी निघत आणि निम्म्या व्हिजिटा राहून जात. म्हातारे डॉक्टर नुसतं घड्याळ बघत.

मी अण्णांना लिहिलं, की माझ्या परवान्याबद्दल कचेरीतून असं असं पत्र मिळवून हवाई टपालाने पाठवा, नाहीतर ह्यांची नोकरी जाते. स्वतः जाऊ नका, रामभाऊंना पाठवा, असंही लिहिलं. रामभाऊ म्हणजे अण्णांचे कंपाउंडर. पण ते वाक्य मी शेवटी, घाईत, कडेच्या मोकळ्या जागेत लिहिलं होतं. ठळक लिहायला हवं होतं. आईला वेगळं पत्र लिहायला हवं होतं. तसं एक लिहिलंही, "आई, अण्णांना गाडी चालवू देऊ नकोस, त्याचं कारण असं आहे," आणि मग ते फाडून शेगडीत टाकलं.

महिना उलटायच्या आत पत्र आलं. सरकारी शिक्का, खाली सही, बरोबर अण्णांची चार ओळींची चिठ्ठी. काम झालं, प्रकृतीला जपा, आई बरी आहे. अक्षर नेहमीचंच, सरळ. मी त्या दिवशी शिरा केला आणि म्हाताऱ्या डॉक्टरांनाही बशीभर नेऊन दिला. दुसऱ्या आठवड्यात मला तात्पुरता परवाना मिळाला, आणि तो सबंध हिवाळा मी ह्यांना त्या काळ्या टेकड्यांवरून फिरवलं. हे घरात पेशंट बघत, मी बाहेर गाडीत पाय पोटाशी घेऊन बसे. शेजारच्या सीटवर पुन्हा एक डॉक्टर होता. डावीकडचं सांगायची सवय काही जाईना. हे म्हणत, "अगं, दिसतंय मला."

वसंतात मी इथली परीक्षा दिली. परीक्षक उंच, रेनकोट घातलेले. गाडीत बसण्याआधी त्यांनी मला रस्त्यावर उभं केलं आणि लांब उभ्या असलेल्या एका मोटारीकडे बोट दाखवून तिच्या पाटीवरचा नंबर वाचायला सांगितला. मी वाचला. पुढे काय काय झालं ते आता नीट आठवत नाही. चढावर गाडी थांबवली, मागे घेतली, हाताचे इशारे केले, पास झाले. आठवतं ते एवढंच, की इथे सगळ्यात आधी डोळे तपासतात.

ते मी अण्णांना लिहिलं. मुद्दामच लिहिलं. उत्तर आलं, "ती पाटी मी आजही वाचली असती. समोरचं मला सगळं दिसतं. तू पास झालीस, आनंद वाटला." त्यात नेहमीच्यापेक्षा जास्त काही होतं असं मला तेव्हा वाटलं नाही.

त्याच महिन्यात रामभाऊंचं पत्र आलं. रामभाऊंनी मला त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. साहेबांनी कळवू नको म्हणून शपथ घातली होती, पण आता राहवत नाही, अशी सुरुवात होती. माझ्या परवान्याचं पत्र मिळवायला अण्णा तीनदा कचेरीत गेले होते. जुनी दप्तरं गठ्ठ्यांत बांधलेली, कुणी शोधून देईना. रामभाऊंना हेलपाटे घालायला लावलं तरी दाद मिळेना, म्हणून डॉक्टर म्हणून आपल्या शब्दाला वजन पडेल या भरवशावर अण्णा स्वतः गेले. तिसऱ्या खेपेला काम झालं. पत्र खिशात घालून ते तसेच गाडीने कळंब्याला एका बाळंतिणीला बघायला निघाले. दूध घालून गावाकडे परतणारा एक माणूस डावीकडच्या बोळातून सायकलवरून बाहेर आला. अण्णांना तो दिसलाच नाही. तो वाचला, पण उजवा पाय मांडीत दोन ठिकाणी मोडला.

अण्णांनीच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पोलिसांना त्यांनी सांगितलं, की चूक माझी, मला बाजूचं दिसत नाही, आणि आपला परवाना काढून टेबलावर ठेवला. गावभर बोभाटा झाला. आधी पेशंट कमी झाले, मग जवळजवळ थांबले. ऑस्टिन विकून टाकली. माझ्या परवान्याचं पत्र मात्र दुसऱ्याच दिवशी पोस्टात पडलं होतं. नोकरीचा प्रश्न आहे, उशीर नको, म्हणून अण्णांनी रामभाऊंना सकाळीच पिटाळलं होतं.

मी तेव्हाच परत जायला हवं होतं. हे मला म्हणालेही, "जाऊन ये." मी नाही गेले. तिकीट, थोरल्या मुलाचं बाळंतपण, ह्यांची पुन्हा द्यायची परीक्षा, कारणं भरपूर होती आणि सगळी खरी होती. दर पंधरवड्याला पत्र लिहीत राहिले आणि त्यात त्या अपघाताचा एक शब्दही लिहिला नाही. अण्णांनीही लिहिला नाही.

चार वर्षांनी गेले. स्टेशनवर रामभाऊ टांगा घेऊन आले होते. अण्णा घरात खिडकीशी बसले होते. समोरचं दिसायचं तेही आता चाळणीतून पाहावं तसं झालं होतं. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि वाळलीस म्हणाले. दवाखान्याची खोली बंद होती, आत औषधांचा वास अजून होता. आई माझ्याशी बोलायची, जेवायला वाढायची, नातवाला मांडीवर घ्यायची. पण तिचं बोलणं पाहुण्याशी बोलावं तसं होतं.

आठवडाभराने मी टांगा करून एकटीच कळंब्याला गेले. त्या माणसाचं नाव ज्ञानू. तळ्याच्या बाजूला त्यांचं घर, पुढं गोठा, दोन म्हशी. तो ओसरीवर बसून दोरी वळत होता. उठला तेव्हा कळलं, पाय आखूड झाला होता, टाच जमिनीला टेकत नव्हती. त्याची बायको हौसा आता डोक्यावर घागरी घेऊन दूध घालायला पायी शहरात जात असे. मी कोण ते सांगितल्यावर तिने घोंगडं टाकलं, बसा म्हणाली आणि चहा ठेवला.

ज्ञानूने अण्णांबद्दल वाईट शब्द काढला नाही. डॉक्टर पंधरा दिवस रोज टांग्याने यायचे, स्वतः पट्टी बघायचे, हे त्यानेच सांगितलं. मग दोरी बाजूला ठेवून म्हणाला, "वाईट मानूस न्हाय त्यो. पर मला एक सांगा बाई. डोळ्यानं दिसत न्हवतं, तर घरात कुनालाच ठावं न्हवतं व्हय?"

हौसा चहाचा कप हातात घेऊन दारात उभी राहिली.

मी म्हटलं, "मला ठाऊक होतं."

"मग?"

मी सांगायला लागले. वडिलांनी कुणाला सांगू नकोस म्हटलं होतं, मला विलायतेला जायचं होतं, गावाला कळलं असतं तर दवाखाना बंद पडला असता. बोलता बोलता माझा आवाज मलाच परका वाटायला लागला.

तो शांतपणे म्हणाला, "आता बी बंदच झालाय की."

हौसाने कप माझ्यापुढे ठेवला. चहा मी प्यायला की नाही, आठवत नाही. निघताना दोघांनी मला थांबवलं नाही, की जा असंही म्हटलं नाही. ज्ञानू आपला पुन्हा दोरी वळायला बसला.

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात होती, तिलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. अण्णांनी माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "त्यानं मलाही विचारलं होतं. मी सांगितलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. तू बोललीस हे बरं झालं. माझं एक खोटं कमी झालं."

आईने हातातली वाटी कट्ट्यावर ठेवली. "मला सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी किल्ली विहिरीत टाकली असती." एवढंच. त्यानंतर मी असेपर्यंत तो विषय घरात पुन्हा निघाला नाही, पण ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली, रागानेसुद्धा. पोराला नीट तेल लावत नाहीस म्हणून परत निघायच्या सकाळी तिने मला चांगलं झापलं.

पुढच्या वर्षी अण्णा गेले. तार आली तेव्हा मी एका टेकडीवर गाडीत बसून ह्यांची वाट बघत होते. घरी आल्यावर कळलं. हे आता स्वतः गाडी चालवतात, तरी धुकं पडलं की चाक माझ्याकडे देतात.

मागच्या महिन्यात गाडी मागे घेताना शेजाऱ्याच्या फाटकाला माझा धक्का लागला आणि फळी मोडली. मी उतरून कबूल केलं. शेजारी धावत बाहेर आला आणि मलाच म्हणाला, की काही झालं नाही, फाटक जुनंच होतं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. फार सज्जन माणूस आहे. इथे सगळेच असे बोलतात. मी तिथेच उभी राहिले. त्याने विचारावं असं मला वाटत होतं, की बाई, मागे बघता येत नाही का? तो विचारणार नव्हता. त्याचा माझ्यावर तेवढा हक्क नाही, माझा त्याच्यावर नाही.

आम्ही इथल्या ओळखीच्या बायका जमलो की घराच्या गोष्टी निघतात, कुणाला पेरू आठवतात, कुणाला सणवार. मला विचारतात, तुझं घर कसं होतं गं? मी रंकाळ्याचं सांगते, पेठेचं सांगते. कळंब्याच्या त्या ओसरीचं सांगत नाही. पण कोल्हापूर म्हटलं की आता मला तीच दिसते. तिथे एक माणूस मला "मग?" असं विचारून माझ्या तोंडाकडे बघत बसला होता. दुसऱ्या कुठल्या गावात मला असं कुणी विचारणार नाही, आणि विचारलं तरी मी उत्तर द्यायला बांधलेली नाही. तिथे मात्र आहे. म्हणून अजून ते माझं गाव आहे.